आनंद वाटत नाही, तरी वाचत राहू का?

वाचकांचे प्रश्न, सिस्टरची उत्तरे

प्रश्न : सिस्टर, जय ख्रिस्त. मी श्रीरामपूरजवळच्या एका गावात राहते. माझी आई जाऊन वर्ष होत आले. शेवटच्या आजारात तिचे सगळे मीच केले. त्याच काळात मिस्टरांचे कामही सुटले. मी रोज पहाटे उठून बायबलचे दोन अध्याय वाचते, तो नेम मोडलेला नाही. पण पूर्वी वाचताना जे भरून यायचे ते आता येत नाही, अक्षरे नुसती डोळ्यांखालून जातात. गुरुवारी महिला मंडळात सगळ्या जणी साक्ष देतात, प्रभूने किती आनंद दिला ते सांगतात. माझी पाळी आली की मी एखादे वचन म्हणून खाली बसते. एका भगिनीने मला बाजूला घेऊन सांगितले की ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ ही आज्ञा आहे, आनंद नसेल तर विश्वासात खोट आहे किंवा एखादे पाप कबूल करायचे राहिले आहे. मी आठवून आठवून कबूल केले. तरी काही फरक नाही. शास्त्र खोटे नाही हे मला ठाऊक आहे. मग माझ्यातच काही खोटे आहे का? आईचे बायबल माझ्याकडे आहे, तेही उघडवत नाही.

उत्तर : नाही, तुमच्यात काही खोटे नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचे तुम्ही शांतपणे वाचाल.

त्या भगिनीने तुम्हाला फिलिप्पैकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायाचे चौथे वचन दाखवले. त्याच अध्यायाचे दुसरे वचनही वाचून दाखवले असते तर बरे झाले असते. तिथे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघी बायकांना एकचित्त होण्याची विनंती करतो. दोघी शुभवर्तमानाच्या कामात त्याच्या बरोबरीने झटलेल्या होत्या आणि आता त्यांचे एकमेकींशी पटत नव्हते. ही गोष्ट कैदेत बसलेल्या पौलापर्यंत पोहोचली होती. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताची हकिकत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांनी, त्याच्या हाती पौलासाठी मदत पाठवली आणि तो तिकडे आजारी पडून मरणाच्या दारात गेला. पौल लिहितो की देवाने एपफ्रदीतावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. म्हणजे ‘आनंद करा’ असे सांगणाऱ्या माणसाला स्वतःचे दुःख लपवावेसे वाटले नाही. तो ते लिहून मोकळा झाला, आणि मंडळीत ते सगळ्यांसमोर वाचले गेले.

आणि हे पत्र मंडळीला आहे. एकट्या बाईला कोपऱ्यात घेऊन तिची झाडाझडती घेण्यासाठी पौलाने ते लिहिलेले नाही. जिचा आनंद आटला आहे तिच्यासाठी बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न मला त्या वचनातून आधी ऐकू येतो. तुमच्या मंडळातल्या भगिनींना मी हे प्रेमानेच सांगते आहे. आईचे सगळे करून दमलेल्या लेकीला पाप शोधायला लावू नका. तिच्या घरी एक वेळचा स्वयंपाक करून न्या.

आता यिर्मया संदेष्ट्याचे पुस्तक उघडा, पंधरावा अध्याय. सोळावे वचन आपण घरोघरी फ्रेम करून लावतो. तुझी वचने मला मिळाली, मी ती खाल्ली, ती माझा आनंद आणि माझ्या जिवाचा उल्लास झाली, असे ते आहे. फ्रेम तिथेच संपते. पण यिर्मयाचे बोलणे तिथे संपत नाही. सतराव्या वचनात तो म्हणतो, मी एकटाच बसलो. अठराव्यात तो देवालाच विचारतो, माझे दुःख का थांबत नाही, माझी जखम का भरत नाही, तू मला फसवणाऱ्या ओढ्यासारखा होणार का? श्रीरामपूरकडच्या बाईला ओढा म्हणजे काय ते मी सांगायला नको. पावसात दुथडी भरून वाहतो आणि चैत्रात पाण्यासाठी जावे तर नुसती वाळू. देवाविषयी असे बोलणारा माणूस दोन वचने आधी त्याच देवाच्या वचनांना आपला आनंद म्हणाला होता. दोन्ही वाक्ये एकाच तोंडची आहेत. पुढे यहोयाकीम राजाने यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी चाकूने कापून कापून शेगडीत जाळली, तेव्हा यिर्मयाने आपला लेखनिक बारूख याच्याकडून सगळी वचने पुन्हा लिहून घेतली, आणि त्यांत आणखी भरही घातली. छत्तिसाव्या अध्यायात ते आहे. मला विश्वास म्हणतात तो इथे दिसतो. त्या दिवशी यिर्मयाला आत काय वाटत होते याविषयी त्या अध्यायात एक अक्षर नाही. वचन राखण्यासारखे आहे एवढे त्याला माहीत होते आणि तो कामाला लागला.

तुमचे पहाटेचे वाचन मला त्याच जातीचे वाटते. काही भरून येत नसताना तुम्ही बायबल उघडता, याला मी विश्वासातली खोट कशी म्हणू? गोड लागते तेव्हा सगळेच वाचतात.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत, आणि त्यांतली कितीतरी रडण्याची, तक्रारीची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरी ते कोणी गाळले नाही. ते कोरहपुत्रांचे गीत आहे, म्हणजे मंदिरातल्या गायकांकडचे. देवाच्या लोकांनी ते उपासनेत ठेवले, कारण मंडळीत कोणी ना कोणी त्या अंधारात असतेच आणि त्या माणसालाही तोंडात शब्द लागतात. शास्त्रावर भरवसा ठेवायचा तर या स्तोत्रावरही ठेवायला हवा. फक्त आनंदाची वचने खरी आणि बाकीची कशीबशी ओलांडून जायची, हा भरवसा अर्धाच झाला.

मी नर्स म्हणून मिशनच्या दवाखान्यात नोकरी केली. नाइट ड्यूटीला पेशंट, बरेचदा ख्रिस्ती नसलेलेही, म्हणायचे, सिस्टर, तुमच्या पुस्तकातले काहीतरी वाचा. आजारी माणसाला लांब उतारा सोसत नाही. आनंदाचा उपदेश तर कोणीच मागत नसे. तेविसावे स्तोत्र मागत, एकशे तिसावे मागत, खोल जागेतून देवाला हाक मारणारे. पहारेकऱ्याने सकाळची वाट पाहावी त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट पाहतो, हे वचन आले की सलाईन लावलेला हात तसाच ठेवून माणूस डोळे मिटून घ्यायचा. रात्र सरत नाही म्हणजे काय, हे त्या वॉर्डात समजावून सांगावे लागत नसे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य आपल्या सगळ्यांना थोडेफार माहीत असते, पण त्यातली एक गोष्ट मंडळीत फारशी सांगितली जात नाही. १८५८ चा त्यांचा जन्म. कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. पुढे भाऊ गेला, आणि १८८२ साली पती बिपीनबिहारी गेले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथपर्यंत सगळे सांगतात. पण आपल्या साक्षीत रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर पुष्कळ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीला पटले होते, जिवाला शांती नव्हती. ती नंतर आली, वाचत आणि शोधत असताना. संस्कृत शास्त्रांत पारंगत म्हणून जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, तिलाही वाट पाहावी लागली, आणि ते तिने उघड सांगितले. त्याच बाईने पुढे केडगावला मुक्ती सदनात दुष्काळातल्या मुलींना पोटाशी धरले, आणि हिब्रू व ग्रीक शिकून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचे निधन झाले आणि १९२४ मध्ये त्यांचे संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. लेक गेल्यावर त्या मुद्रितांवर झुकलेली आई मला या क्षणी तुमच्या फार जवळची वाटते.

आता नर्स म्हणून विचारते. तुम्हाला झोप लागते का? जेवण जाते का? पहिले राजे, एकोणिसावा अध्याय पाहा. एलीया रानात रतामाच्या झाडाखाली बसून म्हणाला, पुरे झाले परमेश्वरा, माझा जीव घे. कर्मेल डोंगरावर देवाची आग उतरताना पाहिलेला हा संदेष्टा. देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही, कोणते पाप राहिले असेही विचारले नाही. त्याला झोपू दिले. दूताने स्पर्श करून उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याची सुरई होती. त्याने खाल्ले आणि पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा खाऊ घातले, आणि म्हणाला, तुला लांबचा प्रवास आहे. देवाशी बोलणे झाले ते यानंतर, होरेब डोंगरावर. ज्या देवाने आपल्याला देह दिला त्याला देहाचे थकणे कळते. म्हणून तुमची झोप उडाली असेल, अन्न नकोसे झाले असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मन आजारी पडते, त्यावर उपचार आहेत, आणि गोळी घेण्याने प्रभूवरचा विश्वास कमी होत नाही. जगणे नको असे कधी मनात आले तर त्याच वेळी घरात कोणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. ती सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे, दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येते. हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही. एलीयाला भाकर घेऊन आलेल्या दूताचे काम आज वॉर्डातले लोकही करतात.

वाचनाबद्दल सांगते. दोन अध्यायांचा नेम काही दिवस बाजूला ठेवा. तेरावे स्तोत्र घ्या, सहाच वचनांचे आहे. सुरुवातीलाच चार वेळा ‘किती काळ’ असे विचारले आहे. ते मनात वाचू नका, चुलीपाशी किंवा कपडे धुताना मोठ्याने म्हणा, ‘किती काळ’ तर अगदी तुमच्या आवाजात म्हणा. शेवटच्या वचनात गाणे आहे. ते म्हणवत नसेल तर तिथे थांबा आणि सांगा, प्रभू, हे वचन मी अजून म्हणू शकत नाही, तू माझ्यासाठी राखून ठेव. आठवडाभर तेच स्तोत्र चालू द्या.

येत्या गुरुवारी पाळी आली की बसून जाऊ नका. उभ्या राहून तेच वाचा आणि सांगा, ही माझी आजची साक्ष आहे. मला खात्री आहे की त्या खोलीत आणखी कोणाचे तरी डोळे भरतील, कारण तिचेही तेच चालले असेल आणि तिलाही बोलायची चोरी असेल. तुमचा आनंद तिथूनच परत यायला लागेल असे मी वचन देऊ शकत नाही. पण दुःखातल्या दोन बायका एकमेकींच्या शेजारी बसून स्तोत्र वाचतात, तेव्हा अम्माऊसच्या वाटेवर झाले तसे होताना मी पाहिले आहे. येशूच्या मरणानंतर त्याचे दोन शिष्य खिन्न चेहऱ्याने चालले होते, पुन्हा उठलेला येशू ओळख न देता त्यांना शास्त्र उलगडून सांगत होता, आणि अंतःकरण आत पेटले होते हे त्यांना नंतर कळले, भाकर मोडल्यावर. वाटेत चालताना ते स्वतःला दुःखीच समजत होते.

आईचे बायबल उघडायची घाई करू नका. मिस्टर किंवा मुले शेजारी असतील अशा एखाद्या संध्याकाळी उघडा, आणि आईने पेन्सिलीने खुणा केल्या असतील तर फक्त तीच वचने मुलांकडून वाचून घ्या. मिस्टरांच्या कामासाठी मी प्रार्थना करते आहे. मला पुन्हा लिहा.

प्रश्न : सिस्टर, मी पुण्यात नोकरी करतो. ऑफिसमधले मित्र म्हणतात, बायबलचे इतक्या वेळा भाषांतर झाले आहे, भाषांतराचे भाषांतर, मूळ काय होते कोणाला ठाऊक? मला उत्तर देता येत नाही आणि आता माझ्याच मनात शंका आली आहे.

उत्तर : बाळा, शंका आली म्हणून घाबरू नकोस, पण तिला उपाशीही ठेवू नकोस. तिला माहिती दे.

पहिली गोष्ट, मराठी बायबल हे इंग्रजीचे भाषांतर, इंग्रजी लॅटिनचे, अशी उतरंड नाही. वर रमाबाईंचे लिहिले आहे, त्या हिब्रू आणि ग्रीकमधून भाषांतर करत होत्या. जबाबदारीने झालेली भाषांतरे मूळ भाषांकडे पुन्हा पुन्हा परत जातात.

मग तू विचारशील, ते मूळ तरी जसेच्या तसे कशावरून? १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठी कुमरानजवळच्या गुहांत बेदुइन मेंढपाळांना मातीच्या रांजणांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयाची जवळजवळ पूर्ण गुंडाळी होती, सव्वासात मीटरहून लांब, ५४ स्तंभांची, ख्रिस्तापूर्वी सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांची. तोवर हिब्रू जुन्या कराराची हाती असलेली पूर्ण हस्तलिखिते साधारण दहाव्या-अकराव्या शतकातली होती. म्हणजे मध्ये हजार वर्षांचे अंतर. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. फरक सापडले, पुष्कळ सापडले, पण बहुतेक शुद्धलेखनाचे आणि व्याकरणाचे. यशया तोच होता.

फरक नाहीतच असे मात्र मित्रांना सांगू नकोस. ते खरे नाही, आणि शास्त्राला आपल्या खोट्या वकिलीची गरज नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटची बारा वचने आणि योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची हकिकत सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. अनेक आवृत्त्यांत तिथे कंस किंवा तळटीप असते. लपवायचे असते तर तळटीप कोणी छापली असती?

माझी सर्वांत आवडती गोष्ट एकशे पंचेचाळिसाव्या स्तोत्राची आहे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत आणि त्या स्तोत्राचे प्रत्येक वचन क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होते. पण परंपरेने आलेल्या हिब्रू प्रतीत वचने २१ आहेत, ‘नून’ या अक्षराचे वचन नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात ते होते. कुमरानच्या स्तोत्रांच्या गुंडाळीत ते हिब्रूतही सापडले. आता अनेक आधुनिक भाषांतरे ते तेराव्या वचनात घेतात. त्या वचनात काय आहे माहीत आहे? देव आपल्या वचनांत विश्वासू आहे. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी पुस्तक मिटून देवाचे आभार मानले.

एवढे कळल्यावर मित्र विश्वास ठेवतील असे नाही. प्रत जशीच्या तशी आहे हे कळणे आणि त्यातला बोलणारा आपल्याशी बोलतो आहे हे कळणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी वाचावेच लागते. तू लूकचे शुभवर्तमान एका बैठकीत, गोष्टीसारखे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाच. दोन-अडीच तास लागतील. तुझ्या वयाच्या मुलांना तेवढा वेळ बसायची सवय असते.

प्रश्न : मी जालन्याचा, निवृत्त शिक्षक. नातवंडे इंग्रजी माध्यमात आहेत, जुने मराठी त्यांना झेपत नाही. घरची संध्याकाळची भक्ती कंटाळवाणी झाली आहे. काय करावे?

उत्तर : दादा, भक्ती छोटी करा. मार्कापासून सुरू करा, सोळाच अध्याय आहेत आणि प्रत्येकात काहीतरी घडते. एका वेळी एकच प्रसंग, दहा-पंधरा वचने. मुलांना सोप्या मराठीतले भाषांतर द्या, तुम्ही तुमचे जुने वाचा. आधी गाणे, मग वाचन, प्रार्थना एकाच वाक्याची आणि ती मुलांनी करायची. तुमची प्रार्थना लांबली की भक्ती संपलीच म्हणून समजा.

चौथ्या अध्यायात वादळ येते आणि येशू मचव्याच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला असतो. तिथे नातू नक्की विचारेल की सगळे बुडत असताना तो झोपला कसा. लगेच उत्तर देऊ नका, शिक्षकाला ते जड जाते हे मला ठाऊक आहे. त्याला विचारा, तू त्या मचव्यात असतास तर त्याला उठवताना काय म्हणाला असतास? मग शिष्य काय म्हणाले ते त्यालाच वाचू द्या.